‘मन घट्ट करा’ हे सांगणं आता पुरे

१८ मार्च २०२० रोजी लंडनच्या होमर्टन हॉस्पिटलमधले मूत्ररोगतज्ज्ञ डॉ. अब्दुल माबूद चौधरी यांनी ब्रिटनच्या पंतप्रधानांना फेसबुकवर जाहीर पत्र लिहिलं. आरोग्यसेवेतल्या प्रत्येकाला संरक्षक साधनं तातडीने मिळावीत, ही त्यांची मागणी होती. काही दिवसांतच ते स्वतः रुग्णालयात दाखल झाले आणि ८ एप्रिलला कोरोनाने गेले. वय अवघं ५३. महिना उलटायच्या आत त्यांचा अठरा वर्षांचा मुलगा रेडिओवर आरोग्यमंत्र्यांना विचारत होता, की माझ्या वडिलांचं म्हणणं मनावर घेतलं नाही याची तुम्हाला खंत वाटते का, माफी मागाल का. बाप गेलेल्या घरात अशा वेळी नातलग जमायला हवेत, शेजारून डबा यायला हवा, पोराला मोकळेपणी रडता यायला हवं. या पोराला मात्र सरकारला जाब विचारायला उभं राहावं लागलं.

ब्रिटनमध्ये कोरोनाने गेलेल्या ज्या पहिल्या दहा डॉक्टरांची नावं जाहीर झाली, ते दहाही जण वांशिक अल्पसंख्य समाजांतले होते. जून २०२० मध्ये ‘पब्लिक हेल्थ इंग्लंड’ने अहवाल काढला. बांगलादेशी वंशाच्या माणसांना मृत्यूचा धोका गोऱ्या ब्रिटिशांच्या जवळपास दुप्पट होता. भारतीय, पाकिस्तानी, चिनी, कॅरिबियन वंशाच्या लोकांना तो १० ते ५० टक्क्यांनी अधिक होता. मेलेल्यांची मोजदाद तरी अशी झाली. मागे राहिलेल्यांच्या मनाचं काय झालं, हा प्रश्न मात्र फार उशिरा विचारला गेला, आणि त्यावरचे उपाय आजही अर्धेमुर्धे आहेत.

माझं म्हणणं सरळ आहे. साथीच्या काळात अल्पसंख्य कुटुंबाला मिळणारा मानसिक आधार हा त्याचा हक्क आहे. तो त्याच्या भाषेत आणि त्याच्या वस्तीत पोचवणं सरकारचं काम आहे, आणि तो घेण्यात कमीपणा नाही हे घराघरांत रुजवणं आपलं, समाजाचं काम आहे. या दोन्ही कामांत कसूर झाली आहे.

या समाजांची मनं मुळातच हळवी, म्हणून ती खचली, असं कुणाला वाटत असेल तर त्याने त्यांचं त्या वर्षाचं जगणं पाहावं. २३ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली. ज्यांना लॅपटॉप उघडून घरून काम करता येत होतं ते घरी बसले. बस, टॅक्सी, रुग्णालयातले वॉर्ड, वृद्धाश्रम, किराणा दुकानं चालू राहिली, आणि तिथे राबणाऱ्यांत या समाजांची माणसं मोठ्या संख्येने होती. लेस्टरच्या काही कपडा कारखान्यांत टाळेबंदीतही कामं चालू होती आणि कामगारांना किमान वेतनसुद्धा मिळत नव्हतं, हे वर्तमानपत्रांनी त्याच उन्हाळ्यात उघडकीला आणलं. घरांची गत वेगळी नव्हती. साथीच्या आधीच्या सरकारी पाहणीनुसार इंग्लंडमध्ये गोऱ्या ब्रिटिशांची २ टक्के घरं दाटीवाटीची होती. बांगलादेशी कुटुंबांची २४ टक्के.

अशा घरातला बसचालक पाळी संपवून येतो, दारातच गणवेश उतरवतो आणि थेट न्हाणीघरात जातो. वडिलांच्या खोलीकडे तो फिरकत नाही, कारण त्यांना मधुमेह आहे आणि आपल्या अंगावरून काय आलं असेल याचा त्याला भरवसा नाही. कामावर जावं तर रोग घरी येतो, न जावं तर भाडं थकतं. या कात्रीत महिनोन् महिने काढलेल्या माणसाची झोप उडाली, तो लेकरांवर खेकसू लागला, तर त्यात त्याच्या स्वभावाचा काय दोष? दोष त्या कात्रीचा आहे.

त्या वर्षी जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टरांच्या भेटीही फोनवर होऊ लागल्या. तेव्हाचं एक घर डोळ्यांसमोर आणू या. बांगलादेशातल्या सिल्हेटहून चाळीस वर्षांपूर्वी आलेली दादी पलंगाच्या कडेला बसली आहे. तीन आठवड्यांपूर्वी तिचा नवरा रुग्णालयात गेला तो परत आला नाही. तिला इंग्रजी येत नाही, म्हणून स्पीकरवर लावलेला फोन अकरा वर्षांच्या नातीने धरला आहे. डॉक्टर ठरलेले प्रश्न विचारत जातात. झोप लागते का, भूक लागते का. मग त्या विचारतात, ‘गेल्या दोन आठवड्यांत जगू नये असं त्यांना वाटलं का?’ पोर क्षणभर थांबते. हा प्रश्न दादीला कसा विचारायचा? ती दादीकडे वळून विचारते, ‘दादी, नीट जेवतेस ना?’ दादी मान हलवते. पोर फोनवर सांगते, ‘त्या ठीक आहेत.’ डॉक्टरांच्या नोंदीत दादी ठीक असते.

इथे पोर खोटं बोलली नाही, तिने आपल्या परीने दादीला सांभाळलं. पण दादीचं दुःख डॉक्टरांपर्यंत पोचलं नाही, आणि त्या कोवळ्या मनावर एक ओझं चढलं, ज्याबद्दल ती कुणाशी बोलणार नाही. ब्रिटिश आरोग्यसेवेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की लहान मुलांना दुभाषा करू नये, आणि रुग्णाला दुभाषा विनामूल्य मिळाला पाहिजे. कागदावर असलेला हा हक्क दादीला कोणी सांगितलाच नव्हता. ज्या सेवेचा पत्ता गरजवंताला ठाऊक नाही, ती सेवा असून नसल्यासारखी.

मरणाबरोबर येणारे विधीही या साथीने हिरावून घेतले. मार्चच्या अखेरीस ब्रिक्स्टनचा तेरा वर्षांचा एक मुलगा कोरोनाने गेला. घरचे विलगीकरणात होते. त्याच्या दफनाला आईला जाता आलं नाही, भावंडांना जाता आलं नाही. मुसलमान घरांत मय्यतीला शेवटची आंघोळ घालता येईना, हिंदू घरांत अंत्यसंस्कार फोनच्या पडद्यावर पाहावे लागले. दहावा, तेरावा, चाळिसावा हे निव्वळ कर्मकांड आहे असं म्हणणाऱ्या सुधारकी मंडळींनाही एक गोष्ट मान्य करावी लागेल. त्या दिवसांत माणसं घरी येतात, गेलेल्याचं नाव काढतात, जेवायला बसवतात, आणि दुःखाला वाट मिळते. ही वाट बुजली, तेव्हा तिच्या जागी दुसरी काय काढायची याचा विचार झाला नाही.

हे दुःख ब्रिटनमधल्या मराठी घरांनीही भोगलं आहे. १९३२ मध्ये लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ उभं राहिलं, तेव्हापासून तिथे मराठी माणूस नांदतो आहे. स्लाव, हॅरो, रेडिंग या भागांत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत संगणक क्षेत्रातली शेकडो कुटुंबं स्थिरावली. एप्रिल २०२१ मध्ये पुण्या-नाशकात, नागपुरात दुसऱ्या लाटेने थैमान घातलं. इकडे आईबाप खाटेसाठी, ऑक्सिजनसाठी वणवण करत होते, तिकडे मुलगा-सून रात्रभर फोनला चिकटून होते. २३ एप्रिलला ब्रिटनने भारताला ‘रेड लिस्ट’मध्ये टाकलं. परतताना दहा दिवस हॉटेलात सक्तीचं विलगीकरण, आणि त्याचे एकट्या प्रौढ प्रवाशाला १,७५० पौंड. ज्यांचा व्हिसा कच्चा होता त्यांना परत येता येईल की नाही याचीच धास्ती. कित्येकांनी बापाला अग्नी दिलेला व्हॉट्सॲपवर पाहिला आणि दुसऱ्या सकाळी नऊच्या ऑनलाइन मीटिंगला हजेरी लावली. ‘कसा आहेस?’ असं कुणी विचारलं तर ‘ठीक’ म्हणाले. वर्षं सरली, पण त्यांतले अनेक जण आजही ठीक नाहीत.

मग ही माणसं मदतीला का गेली नाहीत? आधी सरकारची बाजू तपासू. इंग्लंडमध्ये मानसिक आरोग्य कायद्याखाली सक्तीने रुग्णालयात डांबल्या जाणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण साथीच्या काळात गोऱ्यांच्या चौपटीहून जास्त होतं. अनेकांची या सेवेशी पहिली गाठ पोलिसांच्या गाडीतच पडते. २०१० मध्ये ओलासेनी लुईस हा तरुण रुग्णालयात पोलिसांनी दाबून धरल्यानंतर मरण पावला. त्याच्या आईवडिलांनी वर्षानुवर्षं लढा दिला, तेव्हा कुठे २०१८ मध्ये मनोरुग्णालयांतल्या बळाच्या वापरावर अंकुश ठेवणारा कायदा झाला. त्याच २०१८ मध्ये विंडरश प्रकरण उघडकीला आलं. ज्यांची हयात ब्रिटनमध्ये गेली, त्या कॅरिबियन वंशाच्या वृद्धांना कागद नाहीत म्हणून उपचार नाकारले गेले होते, काहींना देशाबाहेरही घालवलं गेलं होतं. अशा सरकारच्या दारात जाऊन ‘माझं मन ठिकाणावर नाही’ असं सांगायला कोण धजेल?

जुलै २०२० मध्ये मँचेस्टर आणि वेस्ट यॉर्कशर भागांतल्या गाठीभेटींवरचे निर्बंध बकरी ईदच्या आदल्या रात्री जाहीर झाले. साथ रोखायला निर्बंध गरजेचे असतील. पण स्वयंपाकाची तयारी झालेल्या घरांना ते रात्री उशिरा कळले, आणि आपल्या सणाची कुणाला पत्रास नाही हा जुना घाव पुन्हा उघडा पडला.

विश्वास नसला की साथीत काय होतं, हे मराठी माणसाला नव्याने शिकवायला नको. १८९७ च्या प्लेगात पुण्यात इंग्रज अधिकारी रँडच्या हुकमाने गोरे सोजीर घरांत शिरून रोगी शोधत, आणि लोक भयाने आजारी माणसं लपवत. त्याच वर्षी, त्याच प्लेगात, सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी हडपसरजवळ दवाखाना चालवला. तिथे आजारी माणसांना धाकाने नव्हे, मायेने आणलं जाई. सेवा करताना सावित्रीबाईंनाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. रोग तोच आणि माणसंही तीच होती. फरक होता तो, समोर कोण उभं आहे आणि ते आपल्याला माणूस मानतं की नाही, एवढाच.

आता आपली बाजू. ती सरकारच्या बाजूइतकीच रोखठोक तपासली पाहिजे. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आपण लहानपणापासून ऐकलेलं. मुलगी उदास राहते हे बाहेर कळलं तर तिचं लग्न कसं जमेल? मुलगा औषधं घेतो हे मंडळात कळलं तर लोक काय म्हणतील? पुरुषाने रडायचं नाही, सुनेने तोंड उघडायचं नाही, म्हाताऱ्यांनी देवाचं नाव घ्यायचं. पंजाबी घर असो, गुजराती, बांगलादेशी, सोमाली की मराठी, ही शिकवण थोड्याफार फरकाने सगळीकडे सारखी आहे. टाळेबंदीत तिने सर्वाधिक छळलं ते बायकांना. नवरा चोवीस तास घरात, फोन त्याच्या नजरेसमोर, व्हिसा त्याच्या नावावर, आणि सरकारी मदतीला पात्र नाही असा शेरा कागदपत्रांवर. साउथॉल ब्लॅक सिस्टर्ससारखी संस्था १९७९ पासून अशाच बायकांसाठी उभी आहे. पण तिथवर पोचायला आधी बाईला घरातल्या कुणीतरी ‘तुझं चुकलं नाही’ एवढं म्हणावं लागतं.

काही जण म्हणतील, आपल्याकडे एकत्र कुटुंब आहे, आपल्याला समुपदेशक कशाला हवा? कुटुंब हा मोठाच आधार आहे, ते नाकारण्याचं कारण नाही. पण ज्या घरात पाचही माणसं एकाच दुःखात बुडाली आहेत, तिथे कोणी कोणाला सावरायचं? सून सासूसमोर सासूबद्दल कशी बोलेल? मुलगा आईला कसं सांगेल, की मला मरावंसं वाटतं? जवळच्या माणसाला जे सांगता येत नाही, ते ऐकायला एक जाणकार, तिऱ्हाईत माणूस लागतो.

दुसरे म्हणतील, नामस्मरण करा, नमाज पढा, मन शांत होईल. ज्याला श्रद्धेतून बळ मिळतं त्याने ते जरूर घ्यावं. पण कीर्तनकार, मौलवी, पाद्री, ग्रंथी यांनी आपल्या मर्यादा ओळखल्या पाहिजेत. जप करूनही ज्याची रात्र सरत नाही, त्याला ‘तुझी भक्ती कमी पडली’ असं सांगणं हे पाप आहे. त्याचा हात धरून त्याला डॉक्टरकडे नेणं हा धर्म आहे.

उपाय अवघड नाहीत, आणि ते लागू पडतात हे सिद्ध झालं आहे. जानेवारी २०२१ मध्ये बर्मिंगहॅमच्या बॉलसॉल हीथ भागातल्या अल-अब्बास मशिदीत लसीकरण केंद्र उघडलं. इमामांनी लोकांच्या शंका फेडल्या आणि लोक आले. नंतर मंदिरं आणि गुरुद्वारंही पुढे सरसावली. लस मशिदीत जाऊ शकते, तर समुपदेशक का नाही?

गोव्याचं उदाहरण तर आपल्या उंबऱ्यातलं आहे. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ‘संगत’ ही संस्था काढली. मनोविकारतज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, म्हणून त्यांनी स्थानिक तरुण-तरुणींना प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत समुपदेशक म्हणून बसवलं. सहा ते आठ भेटी, लोकांच्या बोलीत, रोजच्या जगण्याबद्दल साधं बोलणं. तीव्र नैराश्याचे रुग्ण त्याने बरे होतात, हे २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालं. ब्रिटनमध्ये बाळंतपणानंतर नैराश्य आलेल्या सातशेहून अधिक दक्षिण आशियाई स्त्रियांवर ‘रोशनी-२’ नावाचा अभ्यास झाला. त्यांची भाषा आणि घरची रीत जाणणाऱ्या बायांनी गटात घेतलेल्या सत्रांमुळे त्या लवकर सावरल्या, हे २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’नेच छापलं. कृष्णवर्णीय रुग्णांना कृष्णवर्णीय समुपदेशकांशी विनामूल्य जोडून देणारी ‘ब्लॅक माइंड्स मॅटर’ ही संस्था २०२० च्या धामधुमीतच जन्मली. या सगळ्यांनी माणसाला त्याची भाषा, त्याची रीत आणि त्याचा मान शाबूत ठेवून मदत दिली.

म्हणून सरकारकडे मागणं असं, की प्रत्येक दवाखान्यात दुभाषा न मागता मिळावा आणि मुलांच्या तोंडून आजारपण वदवून घेणं पूर्ण थांबावं. वस्तीतली माणसं पगार देऊन समुपदेशक म्हणून तयार करावीत. फुकटच्या सेवाभावावर हे काम टाकू नये. पुढची साथ येण्याआधी, अंत्यविधीला जाता न आलेल्या घरांपर्यंत कोण पोचणार हे ठरलेलं असावं.

मंडळांकडेही मागणं आहे. गणपतीला हॉल भरतो, दिवाळीला फराळाच्या रांगा लागतात. त्याच हॉलमध्ये एक टेबल मनाच्या आरोग्यासाठी मांडा. कोणता फोन कुठे करायचा, हे मराठीत छापून ठेवा. इंग्लंडमध्ये ‘टॉकिंग थेरपीज’ या समुपदेशन सेवेसाठी जीपीच्या चिठ्ठीशिवाय स्वतः नाव नोंदवता येतं, हे कितीजणांना ठाऊक आहे? आरोग्यसेवेचे उपचार व्हिसावाल्यांना वर्ज्य असलेल्या सरकारी मदतीत, म्हणजे ‘पब्लिक फंड्स’मध्ये मोडत नाहीत, आणि व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार आपण आधीच भरलेला असतो, हे किती घरांत माहीत आहे? अगदीच जीव नकोसा झाला तर ‘समॅरिटन्स’ या मदतवाहिनीचा ११६ १२३ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, हे निदान फ्रिजच्या दारावर लिहिलेलं असू द्या.

आणखी एक गोष्ट आपल्याला लागली तरी बोलायलाच हवी. सुस्थितीतल्या मराठी माणसाला वाटतं, अल्पसंख्य म्हणजे ते, टॅक्सीवाले, कारखान्यातले, आपण नव्हे. हा अहंकार सोडला पाहिजे. आणि जो न्याय आपण लंडनमध्ये मागतो, तो आपल्या गावात द्यायला नको का? २०२० मध्ये तबलीगी जमातीच्या दिल्लीतल्या मेळाव्याच्या निमित्ताने आपल्या देशात एका अख्ख्या समाजाला रोगाचं खापर डोक्यावर घेऊन जगावं लागलं. भाजीवाल्याचं नाव विचारून त्याला परत पाठवण्याचे प्रकार कित्येक ठिकाणी झाले. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्या मेळाव्याला आलेल्या २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवल्याची चिन्हं दिसतात असं नोंदवलं. त्या काळात मालेगावच्या, भिवंडीच्या घरांतली मुलं शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काय वाचत होती, याचा विचार आपण केला का? अल्पसंख्य कुटुंबाच्या मनाला आधार देण्याची पहिली पायरी म्हणजे त्या मनावर घाव घालणं थांबवणं. त्याला ना निधी लागतो, ना तज्ज्ञ.

साथ ओसरली. मुखपट्ट्या गेल्या, विमानं उडू लागली. पण ज्यांनी तेव्हा दुःख गिळलं, ते अजून ते पोटात घेऊन फिरताहेत. तुमच्या ओळखीत असं एक तरी घर नक्की असेल. या आठवड्यात त्या घरी जा. गेलेल्या माणसाचं नाव घेऊन विचारा, त्या दिवसांत काय झालं होतं. ‘मन घट्ट करा’ असं म्हणू नका. मधे न बोलता ऐका, आणि गरज दिसली तर डॉक्टरांची वेळ घेऊन, स्वतः सोबत जाऊन त्यांना तिथे पोचवा.